विहिणीच्या तोंडाची हळद

करुणाताईंनी तोंड मागे घेतलं.

माझे दोन्ही तळवे हळदीनं भरलेले, तिच्या हनुवटीपाशी पोचलेले, आणि बाईनं मान अशी ओढली की जणू मी चुलीतला विस्तव घेऊन आले होते. वर माझी मनगटं धरली. माझी! यंत्र यायच्या आधी ज्या मनगटांनी अर्ध्या जळगावची मिरची कांडली ती मनगटं, आणि धरली कुणी, तर उद्या विहीण होणाऱ्या बाईनं. चारचौघांत.

"अक्का, तोंडाला नको," ती खालच्या आवाजात म्हणाली. "हाताला लावा. आम्ही हे बंद केलंय आता. धम्मात कुठे बसतं हे?"

ढोलवाल्यानं ढोल थांबवला. कुठे थांबू नये तेवढंच त्या मेल्याला बरोबर कळतं.

आमच्या घराण्यात हळद आधी नवरीला लागत नाही. आधी विहिणीला लागते. मुलीकडच्या थोरल्या बाईनं मुलाच्या आईचं तोंड माखायचं, हनुवटीपासून कपाळापर्यंत, दोन्ही तळव्यांनी, दाबून. नुसतं बोट टेकवलेलं चालत नाही. मग तिनं उलट माखायचं. विहिणीनं तोंड दिलं म्हणजे पोर घेतली. नाही दिलं तर पोर उठून घरी. माझ्या सासूनं मला हे सांगितलं, तिला तिच्या सासूनं. आम्ही देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. हे सोडलं नाही, कारण यात देव कधी नव्हताच, दोन बायकांची तोंडं होती.

साखरपुड्यातच मी करुणाताईंना हे सगळं सांगितलं होतं. तेव्हा बाई म्हणाली होती, "हो हो, छान आहे." आणि आज सकाळीच तिच्या लेकाला, प्रशीलला, त्याच्या मावश्यांनी डोक्यापासून पायापर्यंत माखला होता, पोराच्या कानामागे अजून पिवळं दिसत होतं. मग हळद बंद केव्हा केली? दुपारच्या जेवणात?

माझी नात पाटावर बसलेली. प्रज्ञा. कोरी, थेंबभर हळद न लागलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण रडली नाही. पोर अमळनेरला बँकेत कॅशवर बसते, लोकांसमोर चेहरा सांभाळायची तिला सवय आहे.

"ऊन फार आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "पोरीला आत घ्या. उतरल्यावर करू."

कुणाला पटलं नाही. पण माझ्यासमोर बोलतो कोण?

*

धुळ्याहून सोनगीरकडे जाताना महामार्गाला लागून ते लॉन आहे. मुलीकडच्यांना दिलेली खोली म्हणजे एक पलंग, दहा गाद्या आणि वीस बायका. मी सगळ्यांना बाहेर काढलं. राहिले माझा लेक नवीन, सून रूपा, आणि नणंद धुरपदाबाई. तिला बाहेर काढायची माझी काय कुणाचीच हिंमत नाही.

"मी तं सकायपाइन देखस, वहिनी," धुरपदानं सुरुवात केली. "त्या बाईना तोंडवर हासू नही. बठ्ठा लोके हासतस, हाई नुसती बशेल. पोरले घर लई चाला."

"आत्याबाई, हळू. पोरीला लगेच घरी कुठे न्यायचं?" नवीन म्हणाला.

"हळू कशाला?" रूपा उसळली. एरवी माझ्यासमोर पदराआडून बोलणारी बाई. "आत्याबाई खरं बोलतात. मीही पाहिलं. सकाळी तिच्या लेकाला हळद लागली तेव्हा सगळ्या बायकांचे डोळे भरले. ही दगडासारखी बसलेली. माझ्याशी बोलताना हसली तर नुसते ओठ हलले, वर काहीच नाही. पोर पसंत नाही तिला. प्रज्ञाला पगार जास्त आहे ना तिच्या लेकापेक्षा, ते खुपतंय."

"काहीतरीच तुझं," नवीन म्हणाला. तो एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक आहे. गाडी दोन तास उशिरा असली तरी 'येईलच आता' असं ठामपणे सांगायची त्याला खोड. "आई, त्या बाई तत्त्वाचं बोलल्या. मुख्याध्यापिका आहेत. मी तर पहिल्यापासून म्हणतो, हळद कशाला? उद्या भंते येतील, वंदना होईल, हार घालतील, झालं."

"तू पहिल्यापासून म्हणतोस," मी म्हटलं. "त्या कधीपासून म्हणतात? सकाळी तत्त्व कुठे गेलं होतं?"

 मला नवीनचं मन दिसत होतं. त्याला तत्त्वाशी घेणंदेणं नव्हतं. त्याला कसंही करून उद्याची सकाळ गाठायची होती. एकदा लग्न लागलं की पुढचं पुढे. आणि रूपाला नेमकी त्याचीच भीती होती. ही तीच रूपा, जिला या स्थळाचं केवढं कौतुक होतं! 'धुळ्याची माणसं, शिकलेली माणसं' म्हणून मला ऐकवायची. आज ती माझ्या नणंदेच्या मांडीला मांडी लावून बसली. पंचवीस वर्षांत या दोघींचं एका भाजीवर एकमत झालं नव्हतं.

"मी माझी पोर अशा घरात देणार नाही," रूपा म्हणाली. "तोंड न देणाऱ्या सासूच्या हाताखाली ती आयुष्य काढणार? आज हळदीला मागे सरकली, उद्या पोरीच्या बाळंतपणाला सरकेल."

"गाडी सांग," धुरपदा म्हणाली.

"गाडी मी सांगेन तेव्हा येईल," मी म्हटलं, आणि बाहेर पडले.

*

इकडे हे चाललं होतं तेव्हा प्रज्ञा मागच्या पाण्याच्या टाकीपाशी प्रशीलला भेटत होती. मला हे तिनं मागाहून सांगितलं, पण तिला ओळखते म्हणून कसं झालं असेल ते सांगू शकते.

"तुझ्या आईला मी नको असेन तर आत्ताच सांग," ती म्हणाली. "माझे आईवडील भांडून मोकळे होतील. मला मात्र रोज तुझ्या घरात उठायचंय."

"नको कशी असशील? फोनवर दिवसातून तीनदा तुझंच नाव घेते."

"मग?"

प्रशील टाकीच्या नळाशी चाळा करत राहिला. वीज मंडळात इंजिनीअर आहे, उंच खांबावर चढतो, पण आईबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली गेला.

"मला वाटतं आई आजारी आहे. माझ्यापासून लपवते."

"काय झालंय?"

"माहीत नाही. परवा कुठेतरी जाऊन आली, विचारलं तर म्हणाली डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तेव्हापासून पाठीशी उशा लावून बसूनच झोपते. वाकत नाही. गरम चहाची वाफ तोंडावर येऊ देत नाही. आणि ओठाच्या बाजूला निळं पडलंय, वर पावडर लावते. प्रज्ञा, बाबा गेले तेव्हाही पहिले तीन दिवस आम्हाला कळू दिलं नव्हतं की त्यांना श्वास लागतोय. कोरोनात. आमच्या घरात असंच असतं. लग्न पार पडावं म्हणून हिनं काही दाबून ठेवलं असेल तर?"

"लकवा?"

"मला तेच वाटतंय. चेहरा हलत नाही तिचा."

म्हणजे बघा. आमच्याकडच्यांना संशय की बाई दुष्ट आहे, तिच्या लेकाला संशय की ती मरायला टेकली आहे. आणि दोन्हीकडचे पुरावे तेच.

प्रज्ञा तिथून सरळ माझ्याकडे आली. मी नळावर हात धूत होते. हळद काही जात नव्हती.

"अक्का, तू त्यांच्याकडे जा."

"जाते आहेच."

"पण भांडू नको. खरं काय ते काढ. त्यांना मी नको असेन तर मी आत्ता घरी येते. मी कुणाला रडताना दिसणार नाही. पण त्यांना काही दुसरं असेल, तर मला हे लग्न करायचंय, अक्का. प्रशीलशीच करायचंय."

पोरीनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर हे पहिलं.

*

करुणाताई त्यांच्या खोलीत एकटी होती. पलंगावर, दोन उशा पाठीला, ताठ. मी दार लावून घेतलं.

"जयभीम, अक्का. बसा ना."

"बसायला आले नाही. एकच विचारते. माझी नात पसंत नाही का?"

"असं काय बोलता!"

"मग तोंड का नाही दिलं? धम्म मला शिकवू नका. दुसरी शिकले, पण दीक्षा घेतलेल्या बापाची लेक आहे मी. धम्म सकाळी तुमच्या लेकाच्या कानामागे पिवळा झालेला मी पाहिला."

 मी जवळ गेले. मघाशी उन्हात, गर्दीत नीट पाहिलं नव्हतं. आता खिडकीचा उजेड सरळ तिच्या तोंडावर होता. साखरपुड्याला ही बाई वाळलेल्या बोरासारखी होती, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असून. आज कपाळावर एक रेघ नाही. इस्त्री केलेलं. गाल भरलेले. आणि ओठाच्या कोपऱ्यापाशी, पावडरीखाली, करवंदाएवढा निळा डाग.

"कुणी मारलं?"

"नाही हो!" ती हसली. रूपा म्हणाली ते खरं होतं, नुसते ओठ हसले. मग एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पुष्कळ बायका रडताना पाहिल्यात, मयताला, लग्नाला, खोट्या खोट्याही. अशी पाहिली नव्हती. कपाळ जागच्या जागी, भुवया जागच्या जागी, आणि पाणी आपलं वाहतंय, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

"सुया घेतल्या मी, अक्का," ती म्हणाली. "तोंडात."

"कसल्या?"

"सुरकुत्यांच्या."

मला वाटलं ही मला खुळ्यात काढते. पण ती सांगत गेली. सुया म्हणे दोन जातीच्या. एक बोटॉक्सची. ती कपाळाला, भुवयांच्या मध्ये, डोळ्यांच्या कडेला. त्यानं आतला स्नायू आखडायचा थांबतो, म्हणून वर रेघ पडत नाही. दुसरी फिलरची. ती खड्डा भरते, नाकापासून ओठापर्यंत जी चर पडते तिथं. एकीला दुसरीचं काम जमत नाही. मी मनात म्हटलं, रंगारी करतो तेच हे. आधी भिंतीची हालचाल थांबवायची, मग भेगेत लांबी भरायची.

"आधी पहिलीच घेतली होती, साखरपुड्यानंतर लगेच," ती म्हणाली. "कपाळ सपाट झालं. पण मग खालचं तोंड आणखीच म्हातारं दिसायला लागलं. वरच्या मजल्याला रंग दिला आणि खालचा तसाच राहिला, असं. म्हणून परवा पुन्हा गेले. गालात भरून घेतलं, आणि कपाळाला जिथं थोडं राहिलं होतं तिथं परत टोचलं. दोन्ही एकाच बैठकीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'इतक्यात घरात काही कार्य आहे का? असलं तर नंतर या.' मी म्हटलं, नाही."

"पोराच्या लग्नाला नाही म्हणालात?"

"त्यांनी टोचलंच नसतं मग. त्यांनी बजावलं, दोन आठवडे चोळायचं नाही, दाबायचं नाही, वाफ नाही, पालथं झोपायचं नाही. दाबलं तर भरलेलं सरकतं. कपाळातलं औषध पापणीत उतरलं तर डोळा अर्धा मिटतो. मला वाटलं, लग्नात तोंडाला हात लावतो कोण? आणि तुमची ती हळद, अक्का... साफ विसरले होते मी. तुमचे हात दिसले तेव्हा आठवली."

"बरं. आणि हे सगळं कशासाठी? पुन्हा लग्न करायचंय?"

बोलून गेले. माझी जीभ माझ्या आधी धावते.

तिला राग आला असावा. चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

"साखरपुड्याच्या फोटोच्या वेळी फोटोवाला म्हणाला, 'आजी, तुम्ही जरा बाजूला व्हा, नवरदेवाच्या आईला मध्ये येऊ द्या.' सगळे हसले. प्रशीलही हसला. यांच्या आजारपणात, त्यानंतरच्या तीन वर्षांत माझं तोंड कुठे गेलं ते मला कळलंच नव्हतं. मला उद्या माझ्या सुनेशेजारी त्याची आई म्हणून उभं राहायचं होतं. तुमची प्रज्ञा पसंत नसती तर एवढ्या सुया कुणासाठी सोसल्या असत्या?"

ऐकायला बरं वाटलं. बरं वाटलेलं मी लगेच खरं मानत नाही. शिकलेल्या बायका गोष्ट रचायला हुशार असतात.

"रागावून दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"रागावून दाखवा. समजा तुमच्या शाळेतल्या पोरीनं वही फाडली. नाहीतर समजा, मी तुम्हाला चोर म्हटलं."

मी तिच्या भुवयांच्या मध्ये बोट नुसतं धरलं, न टेकवता. तिनं जोर लावला. डोळे रागावले, नाकपुड्या फुगल्या, ओठ आवळले. कपाळ मात्र नव्या पाटीसारखं कोरं. दोनदा करायला लावलं. दुसऱ्या वेळी ती स्वतःच हसायला लागली, आणि मीही. तोंडाला पदर लावून हसलो दोघी, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

मग तिनं माझा हात धरला.

"कुणाला सांगू नका, अक्का. माझ्या दोन जावा बाहेर बसल्यात. विधवा बाई तोंड सजवत फिरते म्हणतील. शाळेत मी मुलींना सांगते, दिसण्यावर जाऊ नका, अभ्यासावर जा. त्यांच्यासमोर मी उभी कशी राहू? प्रशीललासुद्धा नको."

"त्याला वाटतंय तुम्हाला लकवा झाला."

"त्याला मी काहीतरी सांगेन. पण तुम्ही बाहेर काय सांगणार?"

 खरं सांगितलं तर लग्न लागत होतं. आमची रूपा हसली असती, धुरपदानं सोनगीर ते जळगाव प्रत्येक थांब्यावर ही गोष्ट उतरवली असती, आणि माझी प्रज्ञा जन्मभर 'त्या सुयावाल्या बाईची सून' झाली असती. ज्या सासूची लाज आपल्या माणसांनी काढली, ती सासू पोरीला काय जीव लावणार? आणि न सांगावं तर रूपा गाडी मागवायला टपलेली.

"चला," मी म्हटलं. "हळदीला चला."

"अक्का, तोंडाला..."

"चला म्हटलं ना."

*

उन्हं कलली होती. आम्ही दोघी बरोबर बाहेर आलो तशी खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. रूपा बॅग भरून दारात उभी. नवीन मध्ये, दोन्हीकडे पाहत. प्रज्ञाला मी खूण केली, ती येऊन पाटावर बसली. पाठ ताठ, पण पायाची बोटं आवळलेली मला दिसली.

मी हळदीची वाटी उचलली. आणि माझे हात थरथरवले.

मुद्दाम. आधी थोडे, मग चांगले. वाटी कलंडली, हळद माझ्या पातळावर सांडली.

"आई!" नवीन धावला.

"थांब तिथंच," मी म्हटलं. मग सगळ्यांकडे पाहिलं. माझ्या घरातल्या, तिच्या घरातल्या, तिच्या त्या दोन जावांकडेही. आजवर चार माणसांत मी 'मला जमत नाही' हे कशाबद्दल म्हटलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा नाही. "आता लपवण्यात अर्थ नाही. माझे हात कापतात. जोर राहिला नाही. मघाशी हात घसरत होते, ते करुणाताईंनी सावरले, मनगटं धरून. मला लोकांत खाली पाहायला लागू नये म्हणून धम्माचं नाव पुढे केलं. स्वतःवर घेतलं त्यांनी. आणि आमच्या माणसांनी त्यांनाच नावं ठेवली."

 धुरपदाचं तोंड उघडं ते उघडंच.

मी एका बोटानं करुणाताईंच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना हळद लावली, मग गळ्याला. एवढंच. "तोंड माखायला हात चालत नाहीत," मी म्हटलं. "चालवून घ्या."

"घेतलं," ती म्हणाली. आवाज फाटला तिचा. "पोर घेतली."

मग तिनं दोन्ही तळवे भरले आणि माझं तोंड माखलं. हनुवटीपासून कपाळापर्यंत, दाबून, माझ्या एकेक सुरकुतीत बोटं घालून. असं कुणी माखलं नव्हतं मला, माझ्या लग्नातही. ढोल सुरू झाला. प्रज्ञाच्या अंगावर पहिली हळद पडली तेव्हा पोर शेवटी रडली, मनासारखी रडली, सगळा चेहरा वेडावाकडा करून.

रूपानं बॅग आत नेली. परत आली ती सरळ माझ्याजवळ.

"कधीपासून होतंय हे, अक्का?"

"काय?"

"हातांचं. डॉक्टरला दाखवलं का? आम्हाला का नाही सांगितलं?"

"होतं कधीतरी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मघाशी करुणाताईंकडे पाहत होती अगदी तशीच. पलीकडे धुरपदा नवीनच्या कानाशी लागली होती. "हाई आजनं नही शे, भाऊ. ती मोठं काहीतरी लपाडस. मी तं कव्हयनं वळखेल व्हतं." आणि नवीन मान हलवत होता, फोन काढून कुणा डॉक्टरचा नंबर शोधत होता. दिवसभर त्या बाईवर खर्च केलेला सगळा संशय त्यांनी उचलून माझ्यावर आणून ठेवला होता.

करुणाताई समोरून पाहत होती. ओठ जरा हलले. कपाळ गुळगुळीत.

घसा कोरडा पडला होता. मी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला. या हातांनी, एक थेंब न हलवता. रूपानं तो घाईघाईनं काढून घेतला.

"द्या इकडे, सांडेल," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाला लावला.

मी पाणी प्यायले.